चार म्हशी पत्र्याखाली

२ एप्रिल २०१९

ही डायरी दूध संस्थेची हाय. वर म्हशीचं चित्र हाय. औंदा दूधच न्हाई, म्हणून डायऱ्या न्यायला कुनी आलं न्हाई. विमलकाकूनं एक मला दिली. म्हणली, "सोजर, तोंडानं तं तू बोलत न्हाईस. ह्याच्यात तरी बोल."

विमलकाकू म्हणजे आमच्या बायांच्या दूध संस्थेची अध्यक्ष. दुष्काळानं सगळ्याची जनावरं चारा-छावणीला गेली. संस्थेची पत्र्याची खोली रिकामी पडली. मंग काकूनं कुठं कुठं हिंडून पुण्याच्या एका कंपनीचं काम आनलं. म्हणली, "म्हशीचं दूध आटलं तं कम्प्युटरचं काढू." चार कम्प्युटर आले. चार पोरी बसतोत. त्यातली एक मी.

काम आसं हाय. वरून काढलेले फोटो येतेत, घारीला दिसत आसंल तसे. त्यात जिथं पाणी दिसंल तिथं माऊसनं चौकट काढायची. कंपनीच्या मशीनला पाणी वळखायला शिकवायचंय म्हनं. ह्या कामात कुनाशी बोलावं लागत न्हाई. मला लई आवडलं.

शाळा मी नववीत सोडली. बा आन् माय ऊसतोडीला जायलते, धाकट्याला संभाळायला कुनी नव्हतं. वर्गात उभं करून वाचायला लावलं की माझा घसा बंद व्हायचा, म्हणून शाळा सुटल्याचं मला तवा वाईट वाटलं न्हाई. आसं लिहू नये, पर खरं हाय. मंग दोन वर्सं मीबी कोयत्यावर गेले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकट्या मानसाला अर्धा कोयता म्हणतेत. मी अर्धा कोयता.

औंदा बा म्हणलाय, "मशीनीचं काम टिकलं तं दसऱ्याला तुला नेत न्हाई. न्हाई टिकलं तं मुकादमाला तुझं नाव सांगतो."

म्हणून काम टिकलं पायजे. बस.

८ एप्रिल

पत्रा लई तापतो. दुपारी मशीनी इतक्या तापतेत की आपोआप बंद पडतेत. भारत म्हणून सिरसाळ्याचा एक पोरगा हाय, कंपनीनं मशीनी बघायला ठिवलाय, मोटरसायकलवर येतो. त्यानं खिडकीत कूलर लावला. त्याच्या गवताच्या जाळीवर पाणी पडत ऱ्हातं आन् गार हवा येती. पर पाणी किती लागतं! टँकर आला की आधी गल्लीच्या घागरी, मंग आमचा ड्रम. त्यो ड्रम कूलर पितो.

दगडाआजी रोज दुपारी येती. गल्लीच्या टोकाला ऱ्हाती, शेरडं हायेत, मानूस एकटं. शेरडं लिंबाखाली बसवती आन् आमच्या खोलीत येऊन माझ्या खुर्चीमागं भिताडाला टेकून बसती. आन् बोलती.

"विमल, ह्या तुझ्या म्हशी लई चांगल्या बाई. शेण न्हाई, मूत न्हाई. दूधबी न्हाई. नुसतं पाणी पितेत."

काकू म्हणली, "दूध देतेत आजी, पर महिन्याच्या महिन्याला."

"तवर आमी काय पियावं?"

सगळ्या हसल्या. मी हसले न्हाई, कारन आजी माझ्याकडंच बघायलती. ती आमच्यावर चिडलेली हाय. आन् चिडली तं येती कावून? फुकटची हवा खायला, दुसरं काय.

११ एप्रिल

आज एका फोटोत निळंशार पाणी आलं, चौकोनी, आंघोळीच्या टाक्यावानी. पर घराएवढं. आजीनं मागून बघितलं.

"ह्येच्यात म्हशी धुतेत का गं?"

मी मान हलवली. शेजारची म्हणली, "न्हाई आजी, मानसं पवतेत."

"आन् मंग पितेत कशातलं?"

मी चौकट काढली.

१५ एप्रिल

काल जयंती झाली. औंदा मिरवणूक लहानच काढली, सगळी घामाघूम. आज भारत, लाईट गेली की मशीनी चालवनाऱ्या बॅटरीला पाणी टाकायला आलता. बॅटरीचं पाणी येगळं आसतं, बीडहून कॅनमधी येतं, सील लावलेलं. आजीनं कॅन हातात घेऊन उजेडात धरला.

"काय नितळ हाय रं! आमच्या हौदात तं आळ्या हायेत. मी ह्येच पिऊ का?"

"मरशील आजी. त्ये बॅटरीचं हाय."

"बॅटरी कशी मरत न्हाई मंग?"

भारतनं कॅन काढून घेतला. मंग आजीनं इचारलं की पोरी एवढे फोटो करतेत ते जातेत कुठं. भारतनं सांगितलं, "आधी पुण्याला, तिथून लई लांब. मोठमोठाली घरं हायेत मशीनीची. आत मानूस न्हाई, नुसत्या मशीनी, ओळीनं, गोठ्यात दावणीला बांधल्यावानी. आपल्या चार तापतेत तशा त्याबी तापतेत. त्यायलाबी गार ठिवावं लागतं. लई ठिकाणी पाण्यानंच."

"टँकरनं?"

"न्हाई गं, पाईपनं."

"पाईपच्या अलीकडं कोन ऱ्हातं?"

"ते मला काय ठाव आजी!"

घरी आल्यावर मला तेच सुचायलंय. मी एक चौकट काढली की तिकडं एखादी मशीन एक घोट पीत आसंल का? कितीक चौकटी काढल्या मी. आमी पाण्याला चौकट काढायची आन् तेच पाणी मशीननं प्यायचं. मायला इचारलं तं म्हणली, "मंग काय उसाला पाणी लागत न्हाई का? गप काम कर."

२९ एप्रिल

टँकर एक दिसाआड यायचा, त्योबी बंद झाला. आता आठवड्यात कवातरी. आज आला तं गल्लीत कालवा झाला. टँकरवाल्या आसारामनं आमच्या ड्रमात पाईप सोडला आन् भिवराबाईनं त्याच्या हातातून पाईप वढला. तिचं लेकरू आजारी हाय, जुलाब लागलेत.

"बे आसाराम, लेकरायला न्हाई आन् पंख्याला देतूस व्हय रं?"

आसाराम म्हणला, "मला काय सांगता माय, तुमच्यात ठरवा."

तिथंच ठरलं. कूलरला पाणी न्हाई. विमलकाकू स्वता म्हणली, "बराबर हाय. आधी लेकरं." तिचं तोंड लई उतरलं व्हतं. मंग आमाला खोलीत सांगितलं, ह्यो फोटोचा लॉट मे संपायच्या आत पुरा झाला न्हाई तं कंपनी काम दुसरीकडं देनार. कुठंतरी एशीची खोली आसलेल्या पोरी हायेत म्हनं.

भिवराबाईचं चुकलं आसं मला म्हणता येईना. पर मला आतून राग आला. मंग रागाचीच लाज वाटली. लेकराला जुलाब लागलेत आन् मी कूलरचा इचार करायले.

बा सांजच्याला कोयत्याला नवा दांडा बसवायलता. दसऱ्याला किती येळ हाय आजून. तरी बसवायलता.

१ मे

मला एक सुचलंय.

आमी समदे बाजेवर बसून न्हातोत, बाजेखाली घमेलं ठिवतोत. घमेल्यातलं पाणी वाया जात न्हाई. आमचं पाणी दगडाआजीच्या दारातल्या शेवग्याला जातं. तिच्या शेरडायला पाला व्हतो, ती आमाला शेंगा देती. लई दिसापून आसंच चालू हाय.

पर कूलर काय पाणी पीत न्हाई, नुसतं भिजवतो. त्याला चांगलंच पाणी कशाला पायजे?

आज मी डोक्यावरून न्हाले. घमेल्यातलं पाणी फडक्यानं गाळलं आन् सांजच्याला समद्या घरी गेल्यावर कूलरमधी वतलं. कुनाला बोलले न्हाई. शेवगा एक दिस ऱ्हाईल.

२ मे

लिहायलाबी नको वाटतंय.

सकाळी कूलर बरा चालला. काकू म्हणली, "आरं, ह्यात पाणी कुठून आलं?" मी फोटोत तोंड घातलं. मंग ऊन वर आलं आन् कूलरमधून फेस निघाला. आधी जरा, मंग भसाभसा. पांढरे बुडबुडे उडत उडत आले आन् चारी मशीनीवर बसले. एक बुडबुडा भारतच्या मिशीवर बसला. त्याला शिंका लागल्या त्या थांबंनात.

सगळ्या वराडल्या, कुनी केलं, कुनी केलं. विमलकाकूनं नाक वर करून वास घेतला. हळूच माझ्याकडं बघितलं.

"सोजर, समद्या खोलीला तुझ्या डोक्याचा वास यायलाय गं."

गल्लीत शिकेकाई मी एकलीच लावते. पोरी पोट धरून हसल्या. भारतबी हसला, शिंकत शिंकत. मला वाटलं जमीन फाटावी. काकूनं नुसता पदर तोंडाला लावला आन् तिचे खांदे हलायलते. रडायलती का हसायलती ते समजलं न्हाई.

कूलरच्या जाळीचा गोळा झाला. मोटर जळाली. दुपारी मशीनी पटापट बंद पडल्या.

दगडाआजी दारात आली आन् म्हणली, "काल माझ्या शेवग्याला पाणी आलं न्हाई. तुमच्या म्हशीनं पिलं वाटतं." मंग आत न येताच गेली.

३ मे

खोली बंद हाय. काकू पुण्याला फोन करकरून दमली.

आज न्हानीचं पाणी घेऊन मीच आजीकडं गेले. मायनं लावून दिलं. आजी बोलंल म्हणून लई भ्या वाटलं. आजीनं घमेलं घेतलं, शेवग्याला वतलं आन् म्हणली, "आत ये, ऊन हाय."

तिचं घर माळवदाचं हाय, जुनं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडं आन् लाकडावर माती. आत शेरडं बांधलेली. आधी काय दिसंना, मंग दिसाया लागलं. आजीनं ताक दिलं, शेरडीच्या दुधाचं, पातळ. मंग जोंधळे निवडत बसली. मी भिताडाला टेकले आन् मला झोपच लागली. उठले तं दिस कलला व्हता, अंगावर तिचं धडपं व्हतं. भाईर आले तं तोंडावर भट्टीवानी झळ आली.

इतकी झोप उन्हाळा लागल्यापून आली नव्हती.

एक कळंना. तिच्या घरात एवढं गार आसून ती आमच्या पत्र्याच्या खोलीत कावून येऊन बसायची?

मायला सांगितलं तं माय म्हणली, "तिची भामा बसायची तशीच, तुझ्यावानी भिताडाला टेकून." भामा आजीची लेक. माझ्याएवढी आसताना कोयत्यावर गेलती, तिकडंच वारली. आजी तिचं नाव घेत न्हाई.

४ मे

आज सकाळी आजी संस्थेच्या दारात आली. काकू पायरीवर बसलेली, आमी भवताली.

आजी मोठ्यानं म्हणली, "विमल, इतकी वर्सं दूध घातलंस आन् जनावर कुठं बांधावं ते कळंना तुला? पत्र्यात कुनी म्हशी बांधतं का? पत्र्यात बांधायची आन् वरून पाणी मारायचं. याडी का खुळी तू?"

आन् गेली. पडल्या गाईला लाथ मारायची सवयच हाय तिला. मला लई राग आला.

पर काकू चिडली न्हाई. जरा येळ आजीच्या पाठीकडं बघत बसली. मंग उठली, पायात चप्पल न घालताच तिच्या मागं गेली.

५ मे

मशीनी आजीच्या माळवदात जायच्यात! काकूनं ठरवून आनलं. मला सगळं सांगितलं.

काकू म्हणली, "आजी, भाडं काय घेशील?"

आजी म्हणली, "भाडं काय करू, ढोलकं वाजवू? शेरडं भाईर काढनार न्हाई, ते आधी सांगते. मशीनीनं सरकून घ्यावं."

भारत म्हणला, शेरडाचे केस मशीनीत जातील, तसं जमनार न्हाई. आजी म्हणली, "तुझी मिशी जात न्हाई व्हय?" लई भांडले दोघं. शेवटी मधी तरटाचा पडदा लावायचं ठरलं. अलीकडं मशीनी, पलीकडं शेरडं. धूळ बसावी म्हणून भुई सारवायला पाणी पायजे व्हतं. आमी चौघीनी घरच्या न्हानीचं पाणी आनलं. काकू म्हणली, "सोजर, तू आनू नगंस बाई, फेस निघंल."

आता मला समद्या फेसाबाईच म्हणतेत. पर वाईट वाटत न्हाई.

११ मे

भाईर पत्र्यावर पापड भाजंल आसं ऊन हाय आन् आत मशीनी एकदाबी बंद पडल्या न्हाईत. सकाळी लौकर बसतोत, भर दुपारी मशीनीला आन् आमाला सुट्टी, कलतीला परत. भारत भिताडाला हात लावून लावून बघतो. कूलर कोपऱ्यात पालथा ठिवलाय, त्याच्यात शेरडीच्या पिल्लानं घर केलंय.

दुपारी शेरडं पडद्याखालून तोंड घालतेत. एकीनं माझ्या माऊसची वायर चावली. भारतनं फोनवर पुण्याला कारन सांगितलं तं तिकडची मानसं लई येळ हसायलती.

आजी मात्र आता राती भाईर बाज टाकून निजती. तिची जागा व्हती तिथं आमच्या मशीनी हायेत, म्हणून मी म्हणले, "आजी, टेबल सरकवू का?" तं म्हणली, "नगं. मला आत लई उकडतंय." मला तं आत गारच वाटतं. म्हाताऱ्या मानसाला येगळं वाटत आसंल.

२९ मे

लॉट पुरा झाला. येळेच्या आधी. काकूनं समद्याला गूळ वाटला, शेरडायलाबी. भिवराबाईचं लेकरू बरं झालंय, ते पडद्यापाशी बसून पिल्लासंगं खेळतं. भिवराबाई मला म्हणली, "पोरी, त्या दिशी मी लई बोलले." मी म्हणले, "न्हाई काकू, बराबर बोललात." हे मी तोंडानं म्हणले.

२४ जून

मृग कोरडा गेला. टँकर चालूच हाय.

आज एक फोटो आला. मोठं पांढरं घर, खिडकी एकबी न्हाई. माळवदावर ओळीनं गोल गोल पंखे. शेजारी निळं पाणी, चौकोनी. भारतला दाखवलं. त्यो म्हणला, "हेच ते बघ. मी म्हणलो नव्हतो का, मशीनीचं घर."

मी पाण्याला चौकट काढली. मंग मला आठवलं, आजीनं इचारलं व्हतं, पाईपच्या अलीकडं कोन ऱ्हातं. मी फोटो मोठा करून बघितला. भिंतीच्या भाईर लहान लहान घरं व्हती, चिकटून चिकटून. आन् एका घरापासून रस्त्यापतोर ठिपके व्हते, निळे, पिवळे, लाल, वाकडीतिकडी वळ. फुलं न्हाईत, गाड्या न्हाईत.

आजीला बोलवलं. तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"आगं घागरी हायेत. नंबरला लावल्यात."

कुठला देस हाय ते फोटोवर लिहिलेलं नसतं. आपल्या दारातला वाटला मला.

नियम आसा हाय की पाणी दिसंल तिथंच चौकट. मी त्या घागरीच्या वळीलाबी चौकट काढली. एवढी लांबडी चौकट मी कवा काढली नव्हती.

२७ जून

पुण्याहून त्यो फोटो परत आला. लाल खूण करून लिहिलंय, 'येथे पाणी नाही.'

मला वाटलं आता काम जातंय. काकू म्हणली एक चुकलं म्हणून काय व्हत न्हाई. मी आजीला वाचून दाखवलं.

आजी म्हणली, "बराबर हाय की त्यांचं. रिकाम्याच हायेत."

"मंग काय म्हणून लिहू?"

"वाट बघायलेत म्हणून लिही."

तसं लिहायला जागा न्हाई. मी चौकट पुसली. पर पुसताना हात थांबला. आमच्या चार मशीनीला माळवद घावलं. एवढ्या मोठ्या घराला कुठली दगडाआजी घावंल?

८ ऑक्टोबर, दसरा

लई दिस लिहिलं न्हाई. काम लई व्हतं. पाऊस आला शेवटी, उशिरा. छावणी उठली, म्हशी घरी आल्या. काकू म्हणती पत्र्याच्या खोलीत आता पयल्यासारखं दूध घालायचं आन् कम्प्युटर माळवदातच ऱ्हाऊ द्यायचे.

आज मुकादम सर्जेराव दारात आला. बानं त्याला आपट्याचं पान दिलं, बसवलं. त्यो म्हणला, "दोघाचं पक्कं. पोरीचं काय? तिचा अर्धा कोयता धरू का?"

बा बोलायच्या आधीच कुनीतरी म्हणलं, "मला काम हाय."

कोन बोललं म्हणून मीच मागं बघितलं. मागं कुनी नव्हतं.

बा हसला. मुकादमाला म्हणला, "ऐकलं का?"

माय आन् बा धाकट्याला घेऊन दोन दिसानं निघतेत. मी हितंच. माय म्हणली, राती एकली घरात निजू नगंस, माळवदात नीज, मशीनीवरबी ध्यान ऱ्हाईल. आजीला सांगायला गेले तं आजी आधीच भाईरची बाज आत घ्यायलती. पडद्याजवळ तिनं दोन बाजा लावल्या, एक माझी.

म्हणली, "आता भाईर लई थंडी वाजती."

मला तं आजून उकडायलंय.